गोधडी कुणी भिजवली? ट्रेलर घेऊन थंडीतलं ग्रँड कॅन्यन

आमचा ट्रेलर हायब्रिड आहे असं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, म्हणजे बॅटरीवर चालतो का? तर नाही. पॉप-अप ट्रेलर म्हणजे सपाट पेटी, हँडल फिरवलं की छत वर जातं आणि दोन्ही बाजूंनी तंबू बाहेर येतात, नेहमीचा ट्रेलर म्हणजे पक्क्या भिंतींचं चाकांवरचं घर, आणि हायब्रिड या दोघांच्या मधला. डबा पक्का, आत शेगडी, सिंक, फ्रिज, एवढुसा संडास, पण पुढची आणि मागची भिंत फळीसारखी खाली पाडायची, त्यावर गादी आणि वर कॅनव्हास. दोन डबल बेड मिळतात आणि वजन साधारण ३,८०० पौंडांत राहतं, म्हणजे आमच्या सात सीटर गाडीला झेपतं, ट्रक घ्यायला लागत नाही. एवढ्यासाठीच घेतला.

आम्ही राहतो ॲरिझोनात चँडलरला, फिनिक्सच्या बाजूला. इथे जून-जुलैत ११५ फॅरनहाइट, म्हणजे ४६ सेल्सिअस जातं, म्हणून ट्रेलर आमच्यासाठी उन्हापासून पळायचं साधन. तीन वर्षं फक्त उन्हाळ्यात वापरला, त्यामुळे ट्रेलरमध्ये थंडी कशी असते याचा आमचा अनुभव शून्य. पण यंदा आई (सासूबाई, मी आईच म्हणते) वाईहून सहा महिन्यांसाठी आल्यात, त्यांना ग्रँड कॅन्यन बघायचंच होतं, थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरअखेरच्या) चार दिवसांत पार्कातली हॉटेलं फुल, आणि ऑक्टोबरात नवऱ्याला ट्रेलर व्हिलेजमध्ये कुणीतरी कॅन्सल केलेली जागा मिळाली. पार्कात साउथ रिमवर, म्हणजे दरीच्या दक्षिण काठावर, वीज-पाणी-ड्रेनेज जोडता येणारी हीच एक जागा, वर्षभर चालू असते. लगेच बुक केली आणि मग हवामान बघितलं. असंच करतो आम्ही.

गुरुवार

पहाटे साडेपाचला निघालो. सामान म्हणजे कुकर, बेसन, तांदूळ, मेतकूट, काळा मसाला, दोन डझन अंडी, आणि आईंच्या दोन गोधड्या. या गोधड्या त्या वाईहून विमानात घेऊन आल्यात, एकीला वरून जुनी नारायणपेठ लावलीय. नवरा तेव्हाच म्हणाला होता आई अगं इथे कम्फर्टर मिळतो, त्यावर त्या म्हणाल्या मिळू दे. विषय संपला होता.

आय-१७ वर ब्लॅक कॅन्यन सिटी सोडलं की चढ सुरू होतो आणि रस्त्याच्या कडेला एसी बंद करा अशा पाट्या लागतात, इंजिन तापू नये म्हणून. मागे पावणेदोन टन ओढत असलो की त्या पाट्या आपल्यालाच लिहिल्यात असं वाटतं. ताशी पंचेचाळीस मैल, उजवी लेन, मागे वैतागलेल्यांची रांग. गाडी एरवी गॅलनला बावीस देते ती दहावर आली, नवरा दर दहा मिनिटांनी तो आकडा मोठ्याने वाचून दाखवत होता, जसं काही मीच पेट्रोल पीत होते. सनसेट पॉइंटला चहा घेतला. तिथून पुढे सग्वारोचे उंच निवडुंग हळूहळू दिसेनासे होतात, नुसतं पिवळं गवत लागतं, मग कॅम्प व्हर्देला एकदम खाली उतरायचं आणि परत जो चढ लागतो तो थेट पाइनच्या जंगलात. फिनिक्स अकराशे फुटांवर आणि फ्लॅगस्टाफ जवळजवळ सात हजारांवर, अडीच-तीन तासांत. मागच्या सीटवर चिरंजिवांच्या हातातलं वेफर्सचं पाकीट फुगून टम्म झालं आणि तो ते फोडायला तयारच होईना.

फ्लॅगस्टाफला गाडीचं दार उघडल्या उघडल्या आई म्हणाल्या, "हे महाबळेश्वर झालं की गं." तिथे माझ्या डोक्यात आलं होतं की प्रोपेन भरून घेऊ. आमच्याकडे वीस पौंडांचे दोन सिलेंडर, एक पूर्ण भरलेला आणि एक उन्हाळ्यातला उरलेला, अंदाजे निम्मा. नवरा म्हणाला उन्हाळ्यात एक सिलेंडर तीन ट्रिप पुरतो. बरोबर आहे, पण उन्हाळ्यात आपण त्यावर फक्त चहा करतो ना.

विल्यम्सवरून ६४ नंबरचा रस्ता धरून दीडच्या सुमाराला पोचलो. ऊन छान होतं, ४४ फॅरनहाइट म्हणजे सहा-सात सेल्सिअस, सगळे खूश. चाकांना लाकडी ठोकळे, लेव्हल, वीज, पाण्याची नळी, दोन्ही तंबू उघडले. कॅनव्हास थंडीने कडक झाला होता, नवीन पापडासारखा आवाज करत होता, पण उघडला. ठरलं असं की पुढच्या तंबूत आम्ही दोघं, मागच्या तंबूत आजी आणि नातू.

संध्याकाळी पाच-सव्वापाचला सूर्य गेला आणि सहाला पाणी गोठायच्या खाली. पक्क्या घरात राहणाऱ्याला कळणार नाही, पण कॅनव्हासमध्ये असं एकदम होतं, कुणीतरी बटण दाबल्यासारखं. फर्नेस लावला. हा ट्रेलरचा हीटर प्रोपेन जाळतो, धूर बाहेर सोडतो आणि पंख्याने गरम हवा आत फेकतो, आमचा तासाला अठरा हजार बीटीयूचा आहे (बीटीयू म्हणजे उष्णता मोजायचं माप). डबा दहा मिनिटांत गरम झाला. मग आम्ही तेच केलं जे कुठलंही मराठी कुटुंब करेल. सगळ्या खिडक्या घट्ट लावल्या, छताची झडप बंद केली, आणि कुकर लावला.

कुकरला पर्याय नव्हता. सात हजार फुटांवर पाणी ९३ अंशालाच उकळतं, उघड्या पातेल्यात भात शिजता शिजत नाही, एकदा उन्हाळ्यात कच्चा खाल्लाय. तर कुकरच्या चार शिट्ट्या, दुसरीकडे पिठलं रटरटतंय, मग चहा, मग गरम पाणी भांड्यांसाठी. काचांवर धुकं आलं, चिरंजिवांनी त्यावर डायनोसॉर काढला. आई म्हणाल्या किती उबदार वाटतंय. खरंच वाटत होतं. गरम पिठलं-भात, वर मेतकूट, बाहेर उणे, आत आम्ही चौघं, फोटो पण काढला.

साडेनऊला झोपलो. चिरंजिवांनी आपल्या तंबूचा पडदा ओढून घेतला, प्रायव्हसी पाहिजे म्हणे. वय वर्षं आठ.

शुक्रवार

पहाटे पाचला आईंचा आवाज. दबका, पण मला ओळखता येतो. "अरे बाळा, सांगायचं ना रे उठून. आजीला उठवायचं."

मी धडपडत गेले. मोबाईलच्या उजेडात बघते तर खालची गोधडी ओली, गादीची खालची बाजू ओली, आणि चिरंजीव डोळे चोळत रडायच्या बेतात, "आजी मी नाही केलं! मी नाही!" आणि आई अत्यंत समजूतदारपणे, "असू दे, होतं थंडीत, तुझ्या बाबाचं तर दहा वर्षांचा होईपर्यंत..." इथे पुढच्या तंबूतून नवरा, "आई!!!"

मी वर टॉर्च मारला. तंबूच्या छताला आतून बर्फ लागलेला. बारीक, चकचकीत, साखरेच्या दाण्यांसारखा, अख्ख्या छतभर. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पेपरात फोटोसकट बातमी येते ना, वेण्णा लेकला दवबिंदू गोठले, ते बघायला लोक पुण्याहून गाड्या काढून जातात. इथे ते आमच्या डोक्यावर सहा इंचांवर होते. फर्नेस चालू झाला की थोडे वितळून टप टप.

बाहेर १९ फॅरनहाइट होतं, म्हणजे उणे सात. डब्यात साठ फॅरनहाइट, म्हणजे पंधरा-सोळा सेल्सिअस. आणि पडद्याआडच्या तंबूत, जिथे गरम हवा पोचतच नव्हती कारण साहेबांनी पडदा लावला होता, तिथे अडतीस फॅरनहाइट, जेमतेम तीन सेल्सिअस. आठ वर्षांच्या मुलाची माफी मागायला आजीला तयार करणं किती कठीण असतं ते मी इथे लिहीत नाही. "छतातून गळलं असेल, पण गादीखालून कसं ओलं होईल" हा त्यांचा मुद्दा होता आणि खरं सांगायचं तर मलाही उत्तर माहीत नव्हतं.

त्यात नळाला पाणी नाही. नळी रात्री काढायची असते, आम्ही काढली नव्हती, ती आतून गोठून बांबू झाली होती. नवऱ्याने ती भिंतीला उभी करून ठेवली तर उभी राहिली.

उत्तर शेजारून आलं. पलीकडच्या जागेत मिनेसोटाचं एक जोडपं होतं, सत्तरीचे असावेत, आणि त्यांच्याकडे आमच्यापेक्षा पण नाजूक प्रकरण, जुना कॅनव्हासचा पॉप-अप. तंबूंवरून चांदीसारख्या चकचकीत शीट अंथरलेल्या, कडा क्लिपांनी पकडलेल्या, आणि आजोबा खुर्ची टाकून कॉफी पीत बसलेले. आमची बांबूची नळी बघून उठून आले. पहिला प्रश्न, काल रात्री तुम्ही आत स्वयंपाक केलात का? नवरा हो म्हणाला. छताची झडप उघडी होती? नाही. मग ते हसले.

त्यांनी जे सांगितलं ते सगळं मिळून एवढंच की आम्ही थंडीशी भांडत होतो आणि भांडण पाण्याशी होतं. गरम हवेत वाफ मावते, ती थंड पृष्ठभागाला टेकली की पाणी होते. चार माणसं रात्रभर श्वास सोडणार, वर कुकर, पिठलं, चहा. एवढी वाफ जाणार कुठे? कॅनव्हासला लागली, तिथे गोठली. आणि गादीखाली का, तर पलंगाची फळी बाहेरून थंडगार, अंगाची ऊब आणि घाम गादीतून खाली झिरपतो, फळीला टेकतो आणि तिथे पाणी होतं. गोधडी सुती, तिने ते सगळं पिऊन घेतलं. म्हणजे चिरंजीव निर्दोष. मी आईंना मराठीत सगळं समजावलं, त्या आजोबांकडे बघून मान हलवत राहिल्या, आणि मग मला म्हणाल्या, "पण रडला का मग?"

आजोबांनी अजून एक विचारलं, आत तो लाल जाळीचा छोटा गॅस हीटर तर लावत नाही ना. आमच्याकडे आहे, बडी हीटर म्हणतात तो, पण लावला नव्हता. त्याला धुराडं नसतं, एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोच्या वर पाणी वाफ होऊन खोलीतच पडतं, ओल तर वाढतेच आणि कार्बन मोनॉक्साइडची भीती वेगळी, लावून झोपायचं तर नावच काढू नका म्हणाले. फर्नेसची वाफ धुराबरोबर बाहेर जाते, त्यामुळे त्याची हवा कोरडी.

मग अख्खी सकाळ कामात गेली. टुसायानला जाऊन पाण्याची नवीन नळी, खिडक्यांना लावायचा फुगेवाला चांदीचा कागद, आणि मुलांच्या खेळायच्या फोमच्या लाद्या, एकमेकांत अडकतात त्या, सगळं दुप्पट भावात. लाद्या गादीखाली अंथरल्या, खळगा असलेली बाजू खाली, म्हणजे हवा खेळेल. आणि मॅदर कॅम्पग्राउंडला कॅम्पर सर्व्हिसेस आहे, नाण्यांवर चालणारे शॉवर आणि लॉन्ड्री, तिथे गोधडी ड्रायरमध्ये टाकायची होती. आईंना हे अजिबात मान्य नव्हतं. टाके उसवतील. शेवटी मंद आचेवर टाकू असं सांगितलं (ड्रायरला लो हीट असतं, खोटं नाही बोलले) तर पाऊण तास त्या मशीनच्या काचेसमोर खुर्ची घेऊन बसल्या, आत नारायणपेठ गोल गोल फिरतेय आणि या बघतायत. एकही टाका उसवला नाही.

दुपारी एकदाचं ग्रँड कॅन्यन! ज्यासाठी आलो ते. मॅदर पॉइंटला आई कठड्याला धरून पाच मिनिटं काही बोलल्याच नाहीत, मी घाबरले, चक्कर येतेय का विचारलं तर म्हणाल्या गप्प बस जरा. मैलभर खोल आहे ती दरी, नदी दिसते तर दोऱ्यासारखी. यावापाई म्युझियमपर्यंत कडेकडेने चालत गेलो, तिथल्या काचेतून समोरच्या शिखरांची नावं वाचता येतात आणि मग आईंना खरा धक्का बसला, ब्रह्मा टेंपल, शिवा टेंपल, विष्णू टेंपल. क्लॅरन्स डटन नावाचा भूगर्भवाला होता, १८८० च्या सुमाराला इथे काम करत होता, त्याला हे सुळके पूर्वेकडच्या देवळांसारखे वाटले, त्याने तशी नावं द्यायला सुरुवात केली. सगळ्यात तळाच्या काळ्या दगडाचं नाव तर विष्णू शिस्ट, वय साधारण १७० कोटी वर्षं. आपला सह्याद्रीचा बसाल्ट सहा-साडेसहा कोटींचा, म्हणजे यांच्यासमोर बाळच. आईंनी चप्पल... म्हणजे बूट काढून नमस्कार केला. उणे दोनमध्ये. एक जपानी कुटुंब थांबून आदराने बघत होतं.

संध्याकाळी ढग आले. बर्फाचा अंदाज होताच. आजोबांचा सल्ला होता की मागचा तंबू बंदच करा, जेवढा कॅनव्हास कमी तेवढी गळती कमी. तर तो मिटला, जेवायचं टेबल खाली पाडून पलंग केला, आजी-नातू तिथे, डब्यात. पुढच्या तंबूवर इमर्जन्सी ब्लँकेटं, म्हणजे तशाच चांदीसारख्या शीट, टाकून क्लिपा लावल्या. पडदा सताड उघडा. स्वयंपाक बाहेर पिकनिक टेबलावर, कुकरच्या शिट्ट्या जंगलात. पहिल्या शिट्टीला पंचवीस फुटांवरून एक भलीमोठी एल्क मादी (एल्क म्हणजे इथलं थोराड सांबरच) मान वर करून बघायला लागली, दुसऱ्या शिट्टीला अजून दोन आल्या. इथे एल्क अगदी गाईंसारख्या फिरतात कॅम्पात, पण जवळ जायचं नाही, अंगावर येतात. आम्ही तिघं आत, नवरा कुकर आणि एल्कच्या मध्ये. चौथी शिट्टी होईपर्यंत काय ते टिकून राहिला.

प्रोपेन वाचवायचा म्हणून इलेक्ट्रिक हीटर पण लावला, १,५०० वॉटचा. कॅम्पच्या भाड्यात वीज धरलेलीच असते, जाळा किती जाळायची ती. मी त्याच बाजूच्या प्लगला चहाची किटली लावली आणि खट्, काळोख. ट्रेलरला ३० अँपिअर येतात, ३,६०० वॉट, ऐकायला भरपूर वाटतं, पण आतल्या एका सर्किटला पंधराच, आणि हीटर एकटाच साडेबारा खातो. नंतर घरात नियम झाला, चहा म्हटलं की एकाने "हीटर!" ओरडायचं आणि दुसऱ्याने बंद करायचा.

छताची झडप दोन बोटं उघडी ठेवून झोपलो. आईंना हे काही केल्या पटेना, एकीकडे तापवायचं आणि वरून भोक ठेवायचं. मलाही मनातून पटत नव्हतं, खोटं कशाला सांगू.

शनिवार

रात्री तीन वाजून दहा मिनिटांनी मला जाग आली कारण नाक गार पडलं होतं. फर्नेसचा पंखा फिरतोय पण हवा थंड. गॅस संपला.

हिशोब साधा होता, आधी करायला हवा होता. वीस पौंडांच्या भरलेल्या सिलेंडरमध्ये साधारण ४ लाख ३० हजार बीटीयू असतात. अठरा हजारांचा फर्नेस सलग चालला तर चोवीस तासांत सिलेंडर खल्लास, निम्मा वेळ चालला तर दोन दिवस. आमचा निम्मा सिलेंडर, पहिल्या रात्री दोन तंबू उघडे ठेवून आम्ही बहुतेक साउथ रिमच तापवत होतो, त्यामुळे तीन-दहा म्हणजे उशीरच झाला म्हणायचा. दुसरा भरलेला होता, पण आमच्यात आपोआप बदलणारी सोय नाही, बाहेर जाऊन हाताने फिरवायचं. बाहेर चार इंच बर्फ पडून गेलेला. नवऱ्याने पायजम्यावर जॅकेट चढवलं, आईंची तपकिरी माकडटोपी घातली, जी त्याने या ट्रिपला आणायलाच विरोध केला होता, आणि गेला. खिडकीतून मला फक्त कपाळावरचा दिवा आणि माकडटोपी दिसत होती. पाच मिनिटांनी आत आला आणि म्हणाला, "टोपी चांगली आहे." एवढंच.

बरं, सिलेंडरवरून एक. माझा भाऊ हिमाचलला ट्रेकला गेला होता तेव्हा त्यांची गॅसची शेगडी थंडीत पेटेनाच. आपल्याकडच्या गॅसमध्ये ब्युटेन पण असतो आणि तो शून्याच्या आसपास वायू व्हायलाच कुरकुरतो. इथे नुसता प्रोपेन, तो उणे ४२ पर्यंत उकळत राहतो, म्हणून सिलेंडर थंडीला दाद देत नाही. संपण्याला मात्र देतो.

सकाळी उठले तर छत कोरडं. अगदी खडखडीत नाही, कोपऱ्यात थोडं दव होतं, पण बर्फ नाही, आणि आईंनी उठल्या उठल्या पहिलं काम काय केलं तर गोधडीखाली हात घालून बघितलं. मग फोमच्या लादीखाली. मग वर झडपेकडे बघितलं. बोलल्या काही नाहीत. चिरंजीव पण बघत होता त्यांच्याकडे.

तंबूवर बर्फ साचू द्यायचा नसतो, फळी आणि दांडे त्या वजनासाठी केलेले नसतात, म्हणून केरसुणीने (खरंच, आईंनी डॉलर स्टोअरमधून घेतलेली) हळूहळू झाडला. मग दिवसभर मजा केली, त्याबद्दल फार लिहीत नाही कारण ग्रँड कॅन्यनचं वर्णन सगळ्यांनी वाचलेलं असतं. एवढंच सांगते की बर्फानंतरची सकाळ सोडू नका. लाल कड्यांच्या प्रत्येक पायरीवर पांढरी रेघ असते, म्हणजे खडकाचे जे थर एरवी नीट बघावे लागतात ते आपोआप अधोरेखित होतात, आणि खाली दरीत ढग अडकून राहिलेला असतो. हर्मिट रोडला नोव्हेंबरपर्यंत खाजगी गाड्या सोडत नाहीत, शटलने गेलो, होपी पॉइंटला उतरलो. पायवाटांवर बर्फ दाबून काच झालेली, बुटांना लावायचे साखळीवाले काटे आमच्याकडे नव्हते त्यामुळे दरीत उतरायचा विचारच सोडला, काहीजण साध्या कॅन्व्हासच्या बुटांवर उतरत होते, बघवत नव्हतं. एल टोव्हारच्या लॉबीत, १९०५ सालचं लाकडी हॉटेल आहे ते, शेकोटीसमोर अर्धा तास फुकट शेकून घेतलं.

संध्याकाळपर्यंत आम्ही अगदी मुरलेले झालो होतो. ट्रेलरच्या टाकीत पाणी भरून नळी सोडवून ठेवली, रात्री पंपावर काम भागवायचं. सांडपाण्याचा व्हॉल्व्ह बंद, उघडा ठेवला तर थेंब थेंब जाऊन मोठ्या पाइपात बर्फाचा बूच बसतो. सिंकखालचं कपाट उघडं, पाइपांना ऊब लागावी म्हणून. थालीपीठ बाहेर तव्यावर, खाणं आत.

त्या रात्री दहा फॅरनहाइट गेलं, उणे बारा. तिन्ही रात्रींतली सगळ्यात थंड, आणि सगळ्यात छान झोप तेव्हाच लागली. पहाटे मी एकदा उठून छताला हात लावला. कोरडं. शेजारच्या पॉप-अपच्या चांदीच्या शीटवर चंद्र पडला होता, आत आजोबांचं घोरणं, कॅनव्हासमधून काय लपतंय.

रविवार

आवरणं म्हणजे डोकेदुखी. गोठलेला कॅनव्हास मुडपत नाही, जबरदस्ती केली तर घडीवर चीर जाते. खिडकीचं प्लास्टिक तर काचेसारखं तडकतं म्हणे. दहा वाजेपर्यंत ऊन यायची वाट बघत बसलो, आतून फर्नेस फुल सोडला, मग कुठे मऊ झाला. निघायच्या आधी पाण्याच्या लाइनी खालच्या नळांतून मोकळ्या केल्या. आजोबा-आजींना थालीपिठं दिली, त्यांनी आम्हाला पाइनचे लाकडी पाट दिले, दोन, जॅकखाली ठेवायला.

येताना डेझर्ट व्ह्यू रस्त्याने आलो, रस्ता साफ केलेला होता. पूर्वेच्या टोकाला मेरी कोल्टर या बाईंनी १९३२ मध्ये बांधलेला दगडी मनोरा आहे, सत्तर फूट उंच, जुना पडका वाटावा असाच मुद्दाम बांधलाय. त्याच कोल्टरबाईंनी व्हिलेजमधलं होपी हाउस १९०५ मध्ये केलं, त्या काळात एक बाई आर्किटेक्ट म्हणून या उजाड कड्यावर उभी राहून गवंड्यांकडून काम करून घेतेय, मला कॅन्यनइतकंच त्याचं आश्चर्य वाटतं. आईंना मनोरा चढवला नाही गुडघ्यांनी, त्या खालून बघत बसल्या.

कॅमरनला नवाहो टाको खाल्ला, तळलेल्या भाकरीवर राजमा आणि मटण, आई म्हणाल्या ही तर पुरी आहे, फुगायची राहिली. मग ८९ ने फ्लॅगस्टाफ, आणि आय-१७ चा उतार. ट्रेलर घेऊन उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवायची, ब्रेकवर पाय दाबून बसायचं नाही, नाहीतर वास येतो आणि मग ब्रेकच येत नाही. रविवारचा ट्रॅफिक त्यामुळे तसाही वेग नव्हताच. कॅम्प व्हर्देला जॅकेटं निघाली, सनसेट पॉइंटला स्वेटर, घरी पोचलो तेव्हा चिरंजीव टी-शर्टवर आणि बाहेर चक्क सत्तर फॅरनहाइट, म्हणजे एकवीस सेल्सिअस.

सोमवार, म्हणजे ट्रिप संपल्यावर

ओला कॅनव्हास मिटून ठेवला की तीन दिवसांत काळी बुरशी, हे आम्हाला माहीत होतं. म्हणून सकाळीच ट्रेलर ड्राइव्हवेत उघडला, दोन्ही तंबू पसरले, गाद्या उभ्या केल्या, फोमच्या लाद्या लॉनवर, आणि गॅरेजच्या दारावर दोन गोधड्या. सोसायटीचं पत्र येणार हे नक्की, ड्राइव्हवेत ट्रेलर उभा करायचा नसतो, कपडे वाळत घालायचे नसतात, आम्ही दोन्ही करत होतो.

आईंनी खुर्ची बाहेर टाकून वाईला मावशींना व्हिडिओ कॉल लावला. मी आतून ऐकत होते. ब्रह्मा-विष्णू सांगून झाले, माकडटोपी सांगून झाली, चार शिट्ट्यांना तीन सांबर आले हे सांगून झालं. मग मोबाईल गोधडीकडे फिरवला.

"ही बघ, वाळत घातलीय. नाही गं, पोराने नाही. छताने."

चिरंजीव सायकल घेऊन तिथेच घुटमळत होता. "आजी, गादीखालचं पण सांग!"

"सांगते रे," आई म्हणाल्या, आणि मावशींना पहिल्यापासून सुरुवात केली, की गरम हवेत वाफ मावते.